आवडीचा उगम

यंदाच्या अंकासाठी आलेल्या हस्तलिखितांची छाननी करीत असता असे ध्यानी आले की, यंत्रे, रेल्वे आणि खगोल ह्यांवरील लेख बहुतांशी पुरुषांनी, तर माणसांच्या सुखदुःखांवरील बहुतांशी स्त्रियांनी धाडले होते. आणि आम्ही तर तसे काही फर्मान काढलेले नव्हते. हा आमच्याच दप्तरातला योगायोग म्हणावा, तर सुमारे ५ लाख लोकांच्या आवडीनिवडींच्या चाचण्या एकत्र करून २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनातही पुरुषांचा सरासरी ओढा वस्तूंकडे व स्त्रियांचा माणसांकडे असल्याचे, आणि तो भेद चांगलाच ठळक असल्याचे आढळले. अधिवृक्क ग्रंथींच्या जन्मजात विकारामुळे गर्भावस्थेतच पुरुषी संप्रेरकांचा अधिक अंश वाट्यास आलेल्या मुली, मुली म्हणूनच वाढविल्या गेल्या तरी, सरासरीने मुलग्यांच्या आवडींकडे अधिक झुकतात. सबब हे सारे संस्कारांचेच कर्तृत्व, असा आग्रह धरणाऱ्यांशी आम्हांस सहमत होता येत नाही.

परंतु निसर्गाच्या खाती नेमकी किती रक्कम टाकावी, हे ठरवू जाताच जमाखर्च जुळेनासा होतो. एके काळी पंतोजी म्हणजे पगडी आणि छडी. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई शिकवू लागल्या तेव्हा त्यांना विटंबना सोसावी लागली. आणि आज तोच पेशा स्त्रीच्या उपजत वात्सल्यास साजेसा आहे, असे त्याच पुण्यात निःशंकपणे सांगितले जाते! अमेरिकेत १९८४ च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदवीधरांत ३७ टक्के स्त्रिया होत्या, त्या पुढील पंचविशीत १८ टक्क्यांच्या आसपास आल्या. आपल्याकडे मात्र, मुलीने कारखान्यातल्या तेलकट यंत्रांपाशी उभे राहण्यापेक्षा कचेरीत बसून काम करावे, ह्या आईबापांच्या हिशेबाने तीच शाखा मुलींची ठरली. संप्रेरके काही एवढ्या अवधीत पालटत नाहीत.

१९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागावयास गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी त्यांना नकार दिला, आणि त्या हटत नाहीत असे पाहून वर्षभराच्या परीक्षेची अट घालून मग दाखल करून घेतले. ते वर्ष सरल्यावर रामन ह्यांनी इतर मुलींनाही ते दार मोकळे केले. देशातल्या मुलींच्या आवडीची सरासरी त्या एका वर्षात तसूभरही हलली नसावी.