दम कड्यात नसतो
सांगवीत पोलीस भरतीसाठी 1600 मीटरचा सराव करणाऱ्या पोरांना कुणी ‘तोल आणि ताकद वाढवणारं’ रबरी कडं विकू लागलं, तर आधी पुरावा मागा. असंच कडं विकणाऱ्या ‘पॉवर बॅलन्स’नं डिसेंबर 2010 मध्ये ऑस्ट्रेलियात जाहीर कबूल केलं, की आपल्या दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय आधार नाही. तोवर मोठमोठ्या खेळाडूंच्या मनगटांवर ते झळकलं होतं! विक्रेत्याची चाचणी म्हणजे निव्वळ हातचलाखी: पसरलेला हात आधी अंगापासून बाहेरच्या बाजूला दाबायचा, म्हणजे तोल जातो, कडं चढवल्यावर तोच हात किंचित अंगाकडे दाबायचा. गरजू पोराच्या खुराकाचे पैसे असे लुबाडणं मला संतापजनक वाटतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होतो. तक्रारीसाठी 1915 वर फोन करा.