‘लॉयल्टी’ची पुरती गोष्ट सांगा

5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत तो एका ओळीत उरकतात: 1919 साली या दिवशी ‘लॉयल्टी’ ही पहिली भारतीय आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. यातला ‘पहिली’ हा शब्द खरा नाही. तुतिकोरिनला चिदंबरम पिळ्ळै यांनी 1906 मध्येच स्वदेशी आगबोट कंपनी काढली होती. त्याहून खटकतं ते हे, की ही बोट आली कुठून आणि तिचं पुढं झालं काय, याबद्दल अवाक्षर नसतं.

1890 साली इंग्लंडमधल्या बॅरोच्या गोदीत ती पाण्यात उतरली. नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. लांबी साडेचारशे फुटांवर, दोन पंखे, वेग ताशी सोळा सागरी मैल. कॅनडाच्या एका रेल्वे कंपनीसाठी व्हँकुव्हर, जपान, हाँगकाँग या वाटेवर तेवीस वर्षं तिनं टपाल आणि उतारू वाहिले. पहिलं महायुद्ध पेटल्यावर, 1914 अखेर ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतली आणि हिंदी जवानांसाठी तिचं तरंगतं इस्पितळ केलं. इंग्रजांवरच्या राजनिष्ठेचं ‘लॉयल्टी’ हे नाव तेव्हाचं. सैनिक टाकळीसारखी फौजी गावं ज्या जिल्ह्यात आहेत, त्या आमच्या कोल्हापूरला तरी हा भाग माहीत असायला हवा.

महायुद्धानं बोटींचा दुष्काळ पडला होता. म्हणून सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी ही 28 वर्षं जुनी बोट घेतली आणि कंपनीला शिंद्यांचं नाव दिलं, सिंदिया. बोट आतबट्ट्याचीच ठरली. समोर ब्रिटिश लॉर्ड इंचकेप यांच्या बलाढ्य आगबोट कंपन्या भाडी पाडून बसलेल्या. फेब्रुवारी 1923 मध्ये ‘लॉयल्टी’ मुंबईतच मोडीत निघाली, आणि त्याच वर्षी इंचकेपशी करार करून सिंदियाला किनाऱ्यापुरतं राहणं पत्करावं लागलं.

मुलांना हे सगळं सांगा, तोट्यासकट. वालचंदांनी त्यानंतरही समुद्र सोडला नाही. 14 मार्च 1948 रोजी विशाखापट्टणच्या सिंदियाच्या गोदीतून, इथंच बांधलेली ‘जलउषा’ पाण्यात उतरली.