उत्तर न सांगण्याचे काम

गेल्या डिसेंबरात माझी पुतणी तीन आठवड्यांच्या सुट्टीसाठी घरी आली. अमेरिकेतील एका विद्यापीठात ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात येऊन माझ्याशेजारी गादीवर बसली आणि म्हणाली, "काका, मी यंदा रसायनशास्त्राची पीअर लीडर झाले. पहिल्या परीक्षेत माझाच गट सगळ्यांत मागे पडला." आमच्या घरात मुलांनी गुण सांगावेत आणि उणे झाकावे अशीच रीत आहे. त्यामुळे मी वहीतून मान वर केली.

वाचकांपैकी अनेकांची मुले आज परदेशी शिकत आहेत. म्हणून हे पद काय असते ते थोडे सांगतो. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९९१ साली प्राध्यापक डेव्हिड गॉसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रासाठी ही पद्धत सुरू केली. पुढे तिला नॅशनल सायन्स फाउंडेशनचे साहाय्य मिळाले. रॉचेस्टर विद्यापीठात जॅक कॅम्पमायर यांनी ती सेंद्रिय रसायनाच्या वर्गात नेली. तिचा प्रसार करणाऱ्यांत प्रतिभा वर्मा-नेल्सन यांचे नाव अग्रभागी आहे, आणि त्या पुणे विद्यापीठाच्या पदवीधर आहेत, हे ऐकून मला विशेष आनंद झाला.

व्याख्यान प्राध्यापकच देतात. त्याखेरीज आठवड्यातून एकदा, दीड-दोन तास, सहा ते आठ विद्यार्थी एका टेबलाभोवती बसून उदाहरणे सोडवितात. त्यांच्यासोबत बसणारा पीअर लीडर हा तोच विषय नुकताच चांगल्या रीतीने उत्तीर्ण झालेला विद्यार्थी असतो. त्यासाठी अर्ज करावा लागतो, प्राध्यापकांचे मत घेतले जाते, प्रशिक्षण होते. आणि सत्र सुरू झाल्यावर दर आठवड्याला प्राध्यापकांसमवेत बैठक असते. थोडे मानधनही मिळते. पण तो शिक्षक नव्हे, गुण देत नाही, आणि उदाहरणांसोबत उत्तरांची पुस्तिका कोणालाच मिळत नाही. त्याचे मुख्य काम उत्तर न सांगण्याचे.

पुतणी नेमकी येथेच चुकली. लहानपणापासून ती वर्गात पहिली. उत्तर ठाऊक असूनही गप्प बसणे तिला कोणी शिकविलेच नव्हते. आपण तरी मुलांना ते कधी शिकवितो? पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला लावणारे आपणच. पहिले चार आठवडे तिने फळ्यासमोर उभे राहून प्रत्येक उदाहरण स्वतः सोडविले. सातही जण भराभर उतरवून घेत, छान समजले म्हणत. मग परीक्षेत प्रश्न आला : ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन यांपासून पाणी बनविताना आधी काय संपेल? सातांपैकी पाच जणांनी लिहिले, हायड्रोजन. कारण ४ हा १६ पेक्षा लहान. त्यानंतर एक मुलगी यायचीच बंद झाली. ती संध्याकाळी एका दुकानात काम करून शिकत होती आणि तिला नर्स व्हायचे होते.

बैठकीत प्राध्यापकांनी पुतणीला एवढेच विचारले, "तुमच्या टेबलावर सर्वांत जास्त कोण बोलते?"

पुढच्या वेळी ती फळ्यापासून दूर बसली. तोच प्रश्न पुन्हा घेतला आणि आमच्या भांड्यांच्या दुकानाची हकीकत सांगितली. माल वजनावर येतो. समजा, एका जेवणाच्या डब्यात दोन वाट्या बसवायच्या आहेत. डब्यांचे पोते वाट्यांच्या पोत्यापेक्षा जड आहे, म्हणून डबे जास्त आहेत असे म्हणता येईल का? एवढे विचारून ती थांबली. ती शांतता फार लांबली, असे ती सांगते. दोन वेळा उत्तर जिभेवर आले होते. अखेर एक मुलगा म्हणाला, आधी नग मोजले पाहिजेत. मग त्यांनीच मांडले : हायड्रोजनचा एक मोल २ ग्रॅमचा, म्हणजे तो २ मोल, ऑक्सिजनचा ३२ ग्रॅमचा, म्हणजे तो अर्धाच मोल. अर्ध्या मोलाला हायड्रोजन लागतो एक मोल. ऑक्सिजन आधी संपतो, पाणी १८ ग्रॅम होते आणि २ ग्रॅम हायड्रोजन उरतो. तिला तीन मिनिटे लागली असती, त्यांना चाळीस लागली.

माझे धाकटे बंधू, म्हणजे तिचे वडील, रात्री जेवताना म्हणाले, "स्वतःचा अभ्यास सोडून यात तुला काय मिळाले?" व्यापाऱ्याच्या घरात हा प्रश्न येणारच, आणि तो गैरही नाही. ती म्हणाली, "बाबा, मोल म्हणजे काय ते मला येत होते असे वाटत होते. तो मुलगा दोनदा 'का' म्हणाला, तेव्हा कळले की मला फक्त आकडेमोड येत होती."

तिचे ऐकून मीही प्रयोग करून पाहिला. दुकानातल्या नव्या मुलाने विचारले, "शेठ, या पातेल्याचा भाव काय लावू?" मी म्हटले, खरेदीचे बिल बघ आणि तूच सांग. तो बिल शोधत राहिला आणि गिऱ्हाईक निघून गेले. वहिनी अजून त्यावरून हसतात. धंद्याच्या वेळेत हे परवडत नाही, म्हणूनच त्या लोकांनी त्यासाठी आठवड्यातले दोन तास निराळे काढून ठेवले असावेत. आता मी त्या मुलाला दुपारी, गर्दी नसताना, बिले घेऊन बसवितो.

न येणाऱ्या मुलीला पुतणीने तीनदा निरोप पाठविला. तिच्या कामाची पाळी बदलली होती आणि परीक्षेतल्या गुणांची लाजही वाटत होती. शेवटच्या दोन बैठकांना ती आली. ती उत्तीर्ण झाली की नाही, हे पुतणीला ठाऊक नाही. विद्यार्थ्यांचे गुण पाहण्याचा अधिकार पीअर लीडरला नसतो. परत जाण्याआधी तिने दुकानाच्या संगणकावरून पुढच्या वर्षाचा अर्ज भरला, या वेळी सेंद्रिय रसायनाच्या गटासाठी.