घरबसल्या दलाली आणि श्रावकाचा शब्द

दिवाळी पाडव्याला कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात नव्या गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. गुळाच्या रव्यांची रास, भोवती उभे असलेले व्यापारी, मोठ्याने पुकारले जाणारे दर आणि या सर्वांच्या मध्ये अडत्या, असे ते दृश्य कोल्हापूरकरांच्या परिचयाचे आहे. अडत्या गूळ तयार करीत नाही आणि स्वतःसाठी तो विकतही घेत नाही. माल असणारा आणि माल हवा असणारा यांची तो गाठ घालून देतो व त्या कामाची अडत घेतो. छत्रपती शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसविली, तेव्हापासून गुळाचा व्यापार या मधल्या माणसाच्या शब्दावर चालत आला आहे.

या मधल्या माणसाची एक दुसरी बाजूही आपल्या बाजारपेठांनी पाहिली आहे. पूर्वी अनेक बाजारांत रुमालाखाली हात घालून, बोटांच्या खुणांनी दर ठरत. त्याला हत्ता पद्धत म्हणत. रुमालाखाली काय ठरले हे दोन माणसांना ठाऊक असे, ज्याचा माल त्याला मात्र नसे. पुढे बाजार नियमनाच्या कायद्यांनी ही पद्धत बंद केली आणि उघड लिलाव सक्तीचा झाला. अडत तेव्हाही होती, आजही आहे. बदलले ते इतकेच की रुमाल उचलला गेला.

हे स्मरण आज करण्याचे कारण असे की, समाजातील अनेक घरांत सध्या एका नव्या दलालीची चर्चा आहे. तिला अॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. एखाद्या वस्तूची माहिती आपल्या पानावर किंवा यूट्यूबवर द्यावी, खाली विक्रेत्या कंपनीने दिलेली खुणेची लिंक ठेवावी, आणि त्या लिंकवरून कोणी खरेदी केली की कंपनीने ठराविक टक्के कमिशन द्यावे, एवढीच ही पद्धत. अॅमेझॉनने अमेरिकेत 1996 मध्ये अशी योजना सुरू केली. 2013 मध्ये ही कंपनी भारतात आली आणि पुढे मोबाइल इंटरनेट स्वस्त झाल्यावर ही योजना लहान गावांपर्यंत पोहोचली.

व्यापारी कुटुंबाला या कामाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. माल भरावा लागत नाही, उधारी बुडण्याचे भय नाही, गाळ्याचे भाडे नाही. पदवीधर सुनेला, निवृत्त झालेल्या आजोबांना, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला घरबसल्या तासाभराचे काम मिळते. पोस्टाच्या आवर्ती ठेवी गोळा करून महिला प्रधान योजनेत चार टक्के कमिशन मिळविणाऱ्या भगिनी आपल्या घरांत आहेतच. विमा एजंट तर गल्लोगल्ली आहेत. मग हे नवे काम त्याच पंक्तीत का बसू नये? ते जरूर बसेल. परंतु त्यापूर्वी हिशेब, कायदा आणि आचार या तिन्ही अंगांनी ते तपासून घेतले पाहिजे.

आधी हिशेब

नव्या धंद्याची वही कोऱ्या मनाने उघडावी. समजा, एका भगिनीने स्वयंपाकघरातील भांड्यांविषयी लिहिण्यास आरंभ केला. तिचे लेखन शंभर जणांनी वाचले तर पाच जण लिंक दाबतात आणि लिंक दाबणाऱ्या शंभरांपैकी चार जण खरेदी करतात, असे धरू. सरासरी खरेदी 800 रुपयांची आणि कमिशन सहा टक्के धरले तर एका विक्रीमागे 48 रुपये मिळतात. महिना 6,000 रुपये हवे असतील तर 125 विक्री हवी, त्यासाठी 3,125 जणांनी लिंक दाबली पाहिजे आणि तेवढ्यासाठी ते लेखन 62,500 वेळा वाचले गेले पाहिजे. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्यक्षात ते याहून बरे असतील किंवा वाईटही. मोबाइलसारख्या महागड्या वस्तूंवर कमिशनाचा टक्का फार लहान असतो, घरगुती वस्तूंवर तो तुलनेने मोठा असतो. परंतु हिशेबाची रीत हीच.

या आकडेमोडीतून एक गोष्ट स्पष्ट होते. हे उत्पन्न पहिल्या महिन्यात येत नाही. नवी पेढी टाकल्यावर गिऱ्हाईक ओळखीचे होण्यास वर्ष-दोन वर्षे लागतात, तसेच येथेही लागतात. महिन्याभरात लाखांची भाषा करणारा आणि ती विद्या शिकविण्यासाठी आधी शुल्क मागणारा मनुष्य भेटला, तर त्याचे उत्पन्न वस्तू विकून येते की वर्ग विकून, एवढे विचारावे.

कराराच्या अटीही वाचाव्यात. अॅमेझॉनच्या योजनेत ग्राहकाने लिंक दाबल्यावर साधारण 24 तासांच्या आत खरेदी व्हावी लागते. नोंदणीनंतर 180 दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खाते बंद होते. आपल्याच लिंकवरून स्वतःसाठी अथवा नातलगांसाठी केलेली खरेदी धरली जात नाही. म्हणजे काका-मामांच्या व्हॉट्सअॅप गटावर हा व्यवसाय उभा राहत नाही आणि तसा तो उभा करू पाहणे हा नात्याचाही गैरवापर ठरतो. ज्याला आपण ओळखत नाही अशा वाचकाचा विश्वास मिळवणे, हेच येथील खरे भांडवल होय.

कायदा काय सांगतो

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जबाबदारी केवळ उत्पादकावर राहिली नाही, वस्तूची भलामण करणाऱ्यावरही आली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा प्रकरणी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा दोष घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. भलामण करणाऱ्यास एक वर्ष आणि पुढे तीन वर्षांपर्यंत मनाईही होऊ शकते. जून 2022 मध्ये या विषयाची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि जानेवारी 2023 मध्ये समाजमाध्यमांवरील शिफारशींसाठी स्वतंत्र सूचना निघाल्या. त्यांचा गाभा एकच आहे: ज्या वस्तूची शिफारस केली तिच्याशी आर्थिक संबंध असेल, तर तो वाचकाला सहज दिसेल असा सांगितला पाहिजे.

कमिशन हे करपात्र उत्पन्न आहे. दलालीच्या रकमेवरील करकपातीचा दर 1 ऑक्टोबर 2024 पासून दोन टक्के झाला आहे. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत व्यापारी कुटुंबाने विशेष काळजी घ्यावी. स्वतंत्र व्यक्तीस सेवेच्या उलाढालीवर वर्षाला वीस लाखांपर्यंत सामान्यतः नोंदणीची गरज नसते. परंतु ज्या पॅनवर दुकानाची नोंदणी आहे, त्याच पॅनवर हे कमिशन घेतले तर ते त्या उलाढालीत मिळते व त्यावर पहिल्या रुपयापासून कर लागू होतो. काम सून करीत असेल तर खाते, पॅन व बँक पुस्तक तिच्याच नावाचे असावे. तो हिशेब स्वच्छ राहतो आणि तिच्या कष्टाचे उत्पन्न तिचे म्हणून घरातही ओळखले जाते.

आणखी एक भेद घरातील प्रत्येकाने ध्यानी ठेवावा. वस्तू विकली गेल्यावर मिळणारे कमिशन वेगळे आणि नवा सभासद आणल्यावर मिळणारा पैसा वेगळा. दुसऱ्या प्रकारच्या साखळी योजनांवर 1978 च्या कायद्याने बंदी आहे. थेट विक्रीसाठी 2021 मध्ये झालेल्या नियमांनीही तशा पिरॅमिड योजना निषिद्ध ठरविल्या आहेत. अशा साखळ्या परस्पर विश्वास असलेल्या समाजांतच वेगाने पसरतात, कारण तेथे बस्तीत रोज भेटणाऱ्या माणसाला नाही म्हणणे अवघड जाते.

आचाराची कसोटी

पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात श्रावकाच्या गुणांत न्यायाने मिळविलेल्या धनाला अग्रस्थान दिले. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात मार्गानुसारी गृहस्थाच्या पस्तीस गुणांचा आरंभ न्यायसंपन्न वैभवापासूनच केला. दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांत धनाचा प्रश्न किती मिळाले येथून सुरू होत नाही, कसे मिळाले येथून सुरू होतो.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत मिथ्योपदेश येतो आणि अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्याच्या नावाखाली खोटा माल खपविणे. स्वतः न वापरलेल्या वस्तूला उत्तम म्हणणे, दहा वस्तूंची तुलना केल्याचा आव आणून सर्वाधिक कमिशनाची वस्तू पहिली ठेवणे, पैसे घेऊन दिलेला अभिप्राय अनुभव म्हणून मांडणे, यांना मिथ्योपदेशावाचून दुसरे नाव नाही. कायद्याने 2022 मध्ये जे सांगितले ते श्रावकाला फार पूर्वी सांगितले गेले आहे.

मग काय सुचवावे आणि काय सुचवू नये? कोल्हापुरातच हा प्रश्न अवघड होतो. या नगरीची जगप्रसिद्ध वस्तू म्हणजे कोल्हापुरी चप्पल. तिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिची मागणीही मोठी आहे, परंतु ती चामड्याची. कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला घरोघरी खपतो, पण जैन स्वयंपाकघरात तो चालत नाही. जे आपण घरात आणीत नाही त्याची शिफारस परक्याला करून टक्केवारी घ्यावी काय? अनर्थदंडाच्या प्रकारांत पापोपदेशाचा समावेश आहे, म्हणजे स्वतः न करता दुसऱ्यास प्रवृत्त करणेही दोषातच गणले आहे. येथे प्रत्येक घराने आपल्या नियमाप्रमाणे मर्यादा आखावी, मात्र ती कामाच्या आरंभीच आखावी. कमिशन दिसू लागल्यावर आखलेली रेघ सरकत जाते.

मर्यादेच्या आत क्षेत्र अपुरे नाही. कंदमुळांवाचूनचा स्वयंपाक, चातुर्मासातील आहार, पाणी गाळण्याची व साठविण्याची भांडी, पूजेची तांब्या-पितळेची उपकरणे, मुलांची पुस्तके, हुपरीचे चांदीकाम, या विषयांवर अनुभवाने लिहिणाऱ्या भगिनीला मराठी वाचक निश्चित मिळेल. अपरिग्रहाचा विचार मानणाऱ्याने आणखी एक पाऊल टाकावे आणि जी वस्तू घेण्याची गरज नाही, ती घेऊ नका असेही लिहावे. त्या ओळीवर कमिशन मिळत नाही. परंतु ती ओळ वाचणारा माणूस पुढच्या वेळी त्याच पानावर परत येतो. जुन्या पेढीवर ‘हा माल आज घेऊ नका, आठवड्याने नवा येईल’ असे सांगणारे शेटजी गिऱ्हाईक कसे बांधून ठेवीत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

दुकानासमोरचा प्रश्न

सर्वांत नाजूक गोष्ट अजून राहिली. समजा, सासरे लक्ष्मीपुरीत दुकान चालवितात आणि माडीवर बसून सून अशा वस्तूंच्या लिंक देते, ज्या खाली दुकानातही मिळतात. सुनेला मिळणारे 48 रुपये म्हणजे सासऱ्यांच्या, नाहीतर शेजारच्या दुकानदाराच्या हातून निसटलेले गिऱ्हाईक असू शकते. ज्या बाजारावर चार पिढ्या जगल्या, त्याचे पाणी असे थेंबाथेंबाने दुसरीकडे वळविण्यात घराचे हित किती? या प्रश्नावर घरात अबोला धरण्यापेक्षा एकत्र बसून बोलणे बरे.

याचे उत्तर दलालीची दिशा उलटी करण्यात सापडू शकते. कमिशन देणारी कंपनी दूरची मोठीच असली पाहिजे असे नाही. दुकान स्वतःही अडत देऊ शकते. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी इतर भागांतील गूळ कोल्हापुरी म्हणून खपविला जातो, ही बाजारातील जुनी तक्रार आहे. अन्नपदार्थ विक्रीची आवश्यक नोंदणी असलेल्या गूळ व्यापाऱ्याने आपले साधे विक्रीपान तयार करावे, सुनेने गूळ कोठून आला, त्यात काय आहे व काय नाही हे प्रामाणिकपणे लिहावे, आणि पुण्या-मुंबईत पाककृती लिहिणाऱ्या भगिनींना स्वतंत्र कोड देऊन विक्रीमागे ठरलेले कमिशन द्यावे. साजाच्या कारागिरीला, हुपरीच्या चांदीला, इचलकरंजीच्या कापडालाही हीच रीत लागू पडते. मग माडीवरचे काम आणि खालचे दुकान एकमेकांचे गिऱ्हाईक ओढत नाहीत, एकाच वहीत जमा होतात. दूरच्या कंपनीने उद्या दर निम्मे केले किंवा खाते बंद केले तरी हे उत्पन्न उरते. टिकाऊ उत्पन्न ते हेच.

ज्यांचे दुकान नाही, त्यांनी कंपन्यांच्या योजनेत अवश्य काम करावे. दिवसातील एक तास ठरवावा, सामायिक व स्वाध्यायाची वेळ त्यात जाऊ देऊ नये, महिन्याच्या अखेरीस जमाखर्च लिहावा आणि प्रत्येक लिंकच्या वर, अगदी आरंभी, मराठीत एक वाक्य ठेवावे: ‘या लिंकवरून खरेदी झाल्यास लेखिकेला कमिशन मिळते.’

अनेकांना वाटते, असे लिहिल्याने ग्राहक बिचकेल. थोडे बिचकतीलही. परंतु मार्केट यार्डात दर मोठ्याने पुकारले जातात म्हणून सौदे थांबलेले नाहीत, आणि अडत ठाऊक असूनही शेतकरी आपल्या विश्वासाच्या अडत्याकडेच गूळ घेऊन येतो. दलाली घेण्यात कमीपणा नाही, ती रुमालाखाली घेण्यात आहे. व्यापारी घराण्याचे नाव पाटीवर असो वा मोबाइलच्या पडद्यावर, त्या नावामागचा शब्द एकच असतो आणि तो एकदा गेला की कोणत्याही टक्केवारीने भरून येत नाही.