सनद की चोरीचा परवाना?

कोरियातील पाक जी-वॉन (१७३७–१८०५) यांच्या ‘यांगबानची कथा’ या कृतीस निव्वळ विनोदी ठरवून बाजूस सारणे अन्यायाचे आहे. यांगबान म्हणजे तेथील विद्वान उच्चवर्ग. अशा एका कर्जबाजारी यांगबानाचे सरकारी धान्याचे देणे फेडून एक सधन सामान्य मनुष्य त्याचा दर्जा विकत घेतो. अधिकारी रीतसर दस्तऐवज करतो. पहिल्या मसुद्यात पोकळ शिष्टाचारांची जंत्री. दुसऱ्यात शेजाऱ्याचा बैल आधी आपल्या शेतात जुंपण्याचा हक्क! आपल्याला चोर बनविले जात आहे, हे ओळखून तो पळ काढतो.

यात खरेदीदाराची फजिती पाहणाऱ्यांनी कथा वाचलीच नाही. फजिती झाली ती व्यवस्थेची, आणि तीही तिच्याच दस्तऐवजाने. लेखक स्वतः यांगबान होते, हे विसरू नये. परक्यांची टवाळी कोणीही करील. स्वकीयांवर चालते तीच उपरोधाची खरी लेखणी.