नव्या कोळ्याचे बारसे

दिवाळी आठ दिवसांवर आली, की नांदेडच्या वजिराबादेत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास काय, घरोघर एकच देखावा दिसतो. लांब काठीला केरसुणी बांधलेली, घरधन्याच्या डोक्याला फडके गुंडाळलेले आणि खालून हुकूम, ‘त्या कोपऱ्यातले जळमट राहिले बरं का!’ लक्ष्मी घरात यायची तर कोळ्याने बिऱ्हाड हलवलेच पाहिजे, असा आपला रिवाज आहे.

या भाडेकरूचे नाव मात्र आपण कधी विचारीत नाही. आपल्या लेखी सगळेच ‘कोळी’. शास्त्रज्ञांच्या खातेवहीत मात्र जगातल्या कोळ्यांच्या नोंदलेल्या जातींचा आकडा २०२२ साली ५०,००० च्या पुढे गेला आणि अजूनही त्यात भर पडतेच आहे. यांतली एक भर आपल्या महाराष्ट्राची आहे, आणि तिची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

ठाणे-कल्याण परिसरात उड्या मारणाऱ्या कोळ्यांची एक अनोळखी जात सापडली. हा कोळी जाळे विणून भक्ष्याची वाट पाहत बसत नाही. समोरच्या दोन टपोऱ्या डोळ्यांनी तो भक्ष्य हेरतो आणि झेप घेतो. मौज अशी, की पाय ताठ करायला त्याच्या काही सांध्यांत स्नायूच नसतात. अंगातल्या द्रवाचा दाब एकदम वाढवून तो पाय फटकन सरळ करतो. उडी मारण्यापूर्वी मागे रेशमाचा धागा चिकटवायला विसरत नाही. नेम चुकला तर परतीची सोय हवी ना!

जात नवी आहे हे ठरायचे कसे? रंगावर विसंबून चालत नाही. नराच्या तोंडाजवळ दोन आखूड उपांगे असतात. त्यांच्या टोकांची घडण प्रत्येक जातीत निराळी असते. ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, चित्रे काढायची, पूर्वी नोंदलेल्या जातींशी ताडून पाहायची. मूळ नमुना संग्रहालयात जपून ठेवायचा आणि सारे वर्णन छापून प्रसिद्ध करायचे. एवढे सोपस्कार झाले म्हणजे मग बारसे!

ध्रुव प्रजापती, सोमनाथ कुंभार, जॉन केलेब, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली हे बारसे केले. नाव ठेवले ‘इसियस तुकारामी’. नाव ऐकून आपले मन देहूकडे धावेल, पण हे तुकाराम निराळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हाती केवळ लाठी असताना ज्यांनी दहशतवाद्याची बंदूक घट्ट धरून ठेवली, अंगावर गोळ्या झेलल्या आणि ज्यांच्यामुळे तो जिवंत हाती लागला, ते साताऱ्याकडच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे. सरकारने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले. शास्त्रज्ञांनी आपल्या परीने दिलेला हा सन्मान. पुतळ्याला ऊनपाऊस लागतो. शास्त्रातले हे नाव मात्र ग्रंथांतून टिकून राहील.

याच लेखात दुसऱ्या एका जातीला कमलेश चोळके यांचे नाव दिले आहे. ती मिळाली मुंबईच्या आरे वसाहतीत, म्हणजे जिथे २०१९ साली मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडे तुटली तिथेच. महानगराच्या कुशीत ही कथा, मग डोंगरांची काय सांगावी! कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात वाळक्या पानाचे सोंग घेणारा एक कोळी मिळाला. २०१६ साली त्याला ‘एरिओव्हिक्सिया ग्रिफिंडोरी’ हे नाव मिळाले. हॅरी पॉटरच्या गोष्टीतली जादूची टोपी हुबेहूब याच्यासारखी, म्हणून! आपल्या नातवंडांना हे सांगून पाहा.

आता आपल्याकडे पाहू. माहूरचे डोंगर, किनवटचे सागवानी रान, उदगीरजवळचे हत्तीबेट, बालाघाटाच्या रांगा. रेणुकामातेच्या दर्शनाला आपण माहूरचा डोंगर चढतो, पण वाटेतल्या दगडाखाली कोण राहते याची चौकशी करीत नाही. ही हौस नुसती मौजेची नाही. वाघावर संकट आले तर गहजब होतो, कारण वाघाला नाव आहे. ज्याचे नाव कुठल्याच वहीत नाही तो प्राणी टेकडी खणताना किंवा रान पेटताना नाहीसा झाला, तर त्याची फिर्याद कोण नोंदवणार? आणि नाहीसे होतात तेही आपलेच चाकर. शेतातल्या कपाशीवर आणि तुरीवर किडे टिपणारी ही फौज पगार मागत नाही.

तेव्हा दिवाळीची साफसफाई जरूर करावी. जळमटे काढावीत, दिवे लावावेत. पण भिंतीवरून टुणकन उडी मारणारा चिमुकला जीव दिसला, तर केरसुणी क्षणभर थांबवावी आणि मुलांना हाक मारून त्याचे डोळे दाखवावेत. माहूरच्या दगडाखालच्या एखाद्या बिननावाच्या कोळ्याचे बारसे उद्या त्यांच्यापैकीच कोणी करील!