बुडत्या बँकांपैकी कोणती तारायची, हे कायद्यात लिहा

बुडू लागलेल्या बँकेला किंवा कंपनीला सरकारने, रिझर्व्ह बँकेने अथवा सरकारी मालकीच्या संस्थांनी पैसा पुरवून, हमी देऊन किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन करून सावरण्याच्या व्यवहाराला अर्थव्यवहाराच्या भाषेत बेलआउट म्हणतात. अशी मदत मुळात द्यावी की नाही, यावर जगभर वाद चालू आहे. परंतु मुंबई-पुण्यातील बँकांचा गेल्या काही वर्षांचा इतिहास पाहिला तर त्याआधीचा एक प्रश्न अजून सुटलेलाच नाही असे दिसते. बुडणाऱ्यांपैकी कोणाला, किती दिवसांत आणि कोणाच्या पैशाने तारायचे याचा सर्वांना सारखा लागू होणारा लेखी नियम या देशात नाही, आणि तो नसल्यामुळे ठेवीदाराचे नशीब त्याच्या बँकेच्या आकारावर ठरते. हे पत्रक त्या नियमाची मागणी करण्यासाठी काढले आहे.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे लोकांच्या तोंडची पीएमसी बँक, हिच्या महाराष्ट्र, गोवा, दिल्ली यांसह अनेक राज्यांत १३७ शाखा होत्या आणि तिच्याकडे सुमारे ११,६०० कोटी रुपयांच्या ठेवी होत्या. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि खातेदाराला सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढता येतील असा आदेश दिला. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के, म्हणजे ६,५०० कोटींहून अधिक रक्कम, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ते झाकण्यासाठी २१,००० हून अधिक बनावट कर्जखाती दाखवली गेल्याचे तपासात पुढे आले. लोकांचा आक्रोश वाढला तशी पैसे काढण्याची मर्यादा १०,००० वर, मग २५,००० वर, ४०,००० वर, ५०,००० वर आणि जून २०२० मध्ये एक लाखावर गेली. रुग्णालयाचे बिल, मुलांची फी आणि घराचा हप्ता मात्र या पायऱ्यांसाठी थांबत नव्हता. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत ठेवीदारांना भेटलेल्या केंद्रीय अर्थमंत्र्यांनी भूमिका मांडली ती अशी की सहकारी बँकांची नियंत्रक रिझर्व्ह बँक आहे, अर्थमंत्रालयाचा या प्रकरणाशी थेट संबंध येत नाही.

पाचच महिन्यांनी त्याच मुंबईत मुख्यालय असलेल्या येस बँकेवर निर्बंध आले. ५ मार्च २०२० रोजी पैसे काढण्यावर ५०,००० रुपयांची मर्यादा घालण्यात आली, १३ मार्चला केंद्रीय मंत्रिमंडळाने पुनर्रचना योजना मंजूर केली आणि १८ मार्चच्या संध्याकाळी सहा वाजता निर्बंध उठले. स्टेट बँकेने ६,००० कोटींहून अधिक भांडवल घातले, आयसीआयसीआय, एचडीएफसी, अॅक्सिस, कोटक आदी खासगी बँका व वित्तसंस्थांनीही हात पुढे केला आणि रिझर्व्ह बँकेने गरज लागल्यास वापरण्यासाठी ५०,००० कोटींचे विशेष कर्ज खुले ठेवले. ठेवीदाराचा एक पैसाही बुडाला नाही, आणि ही गोष्ट निखळ आनंदाची आहे. येस बँकेचे ठेवीदार वाचले याबद्दल कोणाचीही तक्रार असू नये. तक्रार आहे ती एका बँकेला तेरा दिवसांत मिळालेला दिलासा दुसरीला अठ्ठावीस महिने का मिळाला नाही, याची.

या तक्रारीला कायद्याचे उत्तर दिले जाते. बँकिंग नियमन कायद्याच्या ४५ व्या कलमानुसार अडचणीतील बँकेची पुनर्रचना किंवा विलीनीकरण करण्याचा अधिकार मिळतो, आणि हे कलम २०१९ मध्ये सहकारी बँकांना लागू नव्हते, असे सांगितले जाते. हे खरे आहे. परंतु २६ जून २०२० च्या अध्यादेशाने आणि नंतर संसदेने केलेल्या दुरुस्तीने तो अधिकार सहकारी बँकांपर्यंत पोहोचला, तरीही पीएमसीच्या विलीनीकरणाची योजना मंजूर व्हायला २५ जानेवारी २०२२ उजाडली. हाती कायदा असताना गेलेल्या या एकोणीस महिन्यांचा हिशेब कोणत्याही सरकारी खुलाशात बसत नाही.

दुसरे उत्तर आकाराचे असते. येस बँकेच्या ठेवी दोन लाख कोटींच्या घरात होत्या आणि ती कोसळली असती तर इतर बँका, म्युच्युअल फंड आणि देयक व्यवहार यांची साखळी तुटली असती, असा युक्तिवाद केला जातो. अशा धोक्याला प्रणालीगत जोखीम म्हणतात आणि ती जोखीम काल्पनिक नाही. मात्र या युक्तिवादाचा सरळ अर्थ असा की जी बँक बुडताना अधिक लोकांना सोबत ओढू शकते तिला आधी तारले जाते आणि जिचे ठेवीदार एकटेच बुडतील तिला थांबायला सांगितले जाते. कर भरताना नागरिकाला त्याची बँक किती मोठी आहे हे कोणी विचारत नाही. मग सुटकेच्या वेळी तो निकष का लागावा?

तिसरे उत्तर सर्वांत जास्त प्रतिष्ठित आणि सर्वांत जास्त अन्यायकारक आहे. अर्थतज्ज्ञ ज्याला नैतिक जोखीम म्हणतात, म्हणजे नुकसान दुसरा कोणी भरून देणार हे माहीत असल्यामुळे येणारा बेफिकीरपणा, तो ठेवीदारांत पसरू नये म्हणून त्यांनाही थोडी झळ बसली पाहिजे, असे हे मत आहे. बँकेच्या संचालकाला, भागधारकाला आणि मोठ्या कर्जदाराला ही कसोटी जरूर लावावी, कारण त्यांच्याकडे माहिती असते आणि नफाही त्यांचाच असतो. निवृत्तीच्या रकमेची मुदत ठेव करणाऱ्या माणसाने काय तपासायचे होते? पीएमसीच्या ताळेबंदावर लेखापरीक्षकांच्या सह्या होत्या, रिझर्व्ह बँकेची तपासणी होत होती, आणि रिझर्व्ह बँकेच्याच कर्मचारी व अधिकाऱ्यांच्या पतसंस्थांनीही कोट्यवधींच्या ठेवी त्या बँकेत ठेवल्या होत्या. नियंत्रकाच्या घरातल्या माणसांना जे दिसले नाही ते भांडुपच्या किंवा मुलुंडच्या ठेवीदाराला दिसायला हवे होते, हे म्हणणे टिकत नाही.

पीएमसीचे पुढे काय झाले ते आकड्यांत पाहणे आवश्यक आहे. ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि वैयक्तिक ठेवीदारांना पैसे परत देण्याचे वेळापत्रक ठरले. पाच लाखांपर्यंतची रक्कम सुरुवातीला, पहिल्या व दुसऱ्या वर्षाअखेर प्रत्येकी आणखी ५०,०००, तिसऱ्या वर्षाअखेर एक लाख, चौथ्याला अडीच लाख आणि पाचव्याला साडेपाच लाख, असे त्याचे टप्पे आहेत. म्हणजे ज्याच्या खात्यात पंधरा लाख होते त्याचा शेवटचा रुपया जानेवारी २०२७ मध्ये सुटणार, आणि त्याहून अधिक रक्कम असेल तर ती जानेवारी २०३२ मध्ये. ३१ मार्च २०२१ नंतर व्याज थांबले. विलीनीकरणानंतर पाच वर्षांनी जी रक्कम शिल्लक राहील तिच्यावर तेवढे वर्षाला २.७५ टक्के मिळेल. पासष्टाव्या वर्षी अशी मोठी रक्कम अडकलेल्या ठेवीदाराला शेवटचे पैसे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या आसपास परत मिळतील, आणि तोवर महागाईने त्यांचे मोल किती उरेल हे सांगायला अर्थतज्ज्ञाची गरज नाही. पतसंस्थांसारख्या संस्थात्मक ठेवीदारांच्या विमा नसलेल्या रकमेपैकी ८० टक्के भाग तर अग्रहक्क समभागांत, म्हणजे मुदतीअखेर परतफेडीचे वचन नसलेल्या आणि वर्षाला जेमतेम एक टक्का लाभांश देणाऱ्या कागदांत, बदलला गेला. त्या पतसंस्थांचे सभासदही सामान्य पगारदारच होते.

येस बँकेच्या सुटकेतही सगळेच सुटले नाहीत. बँकेने विकलेले ८,४१५ कोटींचे एटी-१ रोखे, म्हणजे बँक अडचणीत आली तर ज्यांचे मूल्य शून्य करता येते असे कायमस्वरूपी कर्जरोखे, एका आदेशाने शून्य करण्यात आले. जोखीम समजून ते घेणाऱ्या मोठ्या संस्थांनी तोटा सोसणे योग्यच. पण सेबीच्या चौकशीत आढळले की १,३०० हून अधिक व्यक्तींना हे रोखे विकले गेले होते, त्यांतले बहुतेक बँकेचेच ग्राहक होते आणि त्यांना ते चांगल्या व्याजाच्या मुदत ठेवीसारखे भासवण्यात आले होते. प्रकरण न्यायालयांत गेले, आणि पैसे परत मिळावेत म्हणून झगडण्याची वेळ फसवल्या गेलेल्यांवरच आली.

पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार याहून दुर्दैवी ठरले. १९१२ साली स्थापन झालेल्या या बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले, दर काही महिन्यांनी मुदतवाढ मिळत गेली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. उलट मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर १३ फेब्रुवारी २०२५ रोजी निर्बंध आले आणि ४ ऑगस्टला ती सारस्वत बँकेत विलीन होऊन ठेवीदार पूर्णपणे सुरक्षित झाले. एकाला साडेनऊ वर्षे, एकाला सहा महिन्यांहून कमी, एकाला तेरा दिवस. रिझर्व्ह बँक तीच, रुपयाही तोच.

असा नियम करण्याचा प्रयत्न एकदा झाला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये लोकसभेत मांडलेल्या एफआरडीआय विधेयकात अडचणीतील वित्तसंस्थांसाठी स्वतंत्र महामंडळ प्रस्तावित होते, पण त्यात बेल-इनची तरतूद होती, म्हणजे बँक सावरण्यासाठी तिच्याच धनकोंच्या, आणि भीती होती त्याप्रमाणे ठेवीदारांच्या, पैशाला हात लावण्याची मुभा. लोकांनी त्याला केलेला विरोध रास्त होता. परंतु २०१८ मध्ये सरकारने ते कलम वगळण्याऐवजी संपूर्ण विधेयकच मागे घेतले आणि मोकळी जागा मोकळीच राहिली. ठेव विमा पाच लाखांचा झाला आणि निर्बंधांनंतर नव्वद दिवसांत ती रक्कम देण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली, या दोन्ही सुधारणा मोलाच्या आहेत. मात्र विम्याची एक लाखाची जुनी मर्यादा १९९३ पासून २०२० पर्यंत तशीच पडून होती, हे पाहता पुढची वाढ केव्हा होईल हे सरकारच्या मर्जीवर सोडता येणार नाही.

म्हणून मागणी अशी आहे की बँक सहकारी असो वा खासगी, निर्बंध लागल्यापासून ठरावीक मुदतीत तिच्या भवितव्याचा निर्णय घेणे कायद्याने बंधनकारक करावे, आणि मुदत चुकल्यास रिझर्व्ह बँकेने त्याची कारणे लेखी प्रसिद्ध करावीत. तोटा आधी भागधारकांवर, मग संचालकांच्या वैयक्तिक मालमत्तेवर, मग जोखीम पत्करून रोखे घेणाऱ्यांवर आणि सर्वांत शेवटी ठेवीदारावर यावा, हा क्रम त्याच कायद्यात असावा. विमा मर्यादा महागाई निर्देशांकाशी जोडावी. आणि पीएमसीच्या ज्या ठेवीदारांचे पैसे २०३२ पर्यंत अडकले आहेत त्यांचे वेळापत्रक नव्याने आखून, अडकलेल्या प्रत्येक वर्षाचे बचत खात्याइतके तरी व्याज त्यांना द्यावे. महाराष्ट्रातील प्रत्येक खासदाराने आपण या मागणीच्या बाजूने आहोत की विरोधात, हे ठेवीदारांना लेखी कळवावे.